मरळीचा पाळणा

८ मार्च, रविवार

सगळं बदललं ते चोवीस फेब्रुवारीला, मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता. कॉलेजच्या वाचनालयात तिने आपल्या शेजारच्या खुर्चीवर बॅग ठेवली.

एवढंच. पण त्या खुर्चीवर मी पाच महिने बसत होतो. बॅग पायाशी असायची. त्या दिवशी मी दारातून आत आलो, तिने मान वर करून मला पाहिलं आणि बॅग उचलून खुर्चीवर ठेवली. मी तीन टेबलं सोडून बसलो. बोटं टेबलावर वाजत होती म्हणे. ग्रंथपाल येऊन म्हणाले, "हा तबला घरी वाजवा." मी म्हणालो, "टेबल काय तुमच्या घरून आणलंय?" त्यांनी ओळखपत्र मागितलं. मी ते फाडून, चार तुकडे नीट जुळवून, त्यांच्या रजिस्टरवर ठेवलं.

प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी म्हणालो, त्यापेक्षा कॉलेजच सोडतो. ते म्हणाले, बरं. त्यानंतर मी त्यांच्या दाराबाहेर दहा मिनिटं उभा होतो. कोणी हाक मारली नाही.

आई रडेल असं वाटलं होतं. तिने मामांना फोन लावला. "माझा भाऊ कोणाला काही विचारत नाही," ती मला म्हणाली. "तुला सध्या तसलाच माणूस पाहिजे."

तर आजपासून मी मामांच्या खोपटात आहे, तळ्याच्या काठावर. एकच खोली, पत्र्याचं छप्पर. पाण्याकडे तोंड करून एक खिडकी, तिच्यातून मामा गळवाल्यांना गांडुळं, कणकेचे गोळे आणि होड्या देतात. होड्यांवर आकडे आहेत: एक, दोन, चार, पाच. मी विचारलं, तीन कुठे? "बुडाली," मामा म्हणाले. पुढे काही नाही.

त्यांनी आपली खाट खिडकीजवळून ओढून फडताळामागे नेली आणि ती जागा मला दिली. बहुधा माझं तोंड सारखं दिसायला नको म्हणून. मीही त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

११ मार्च, बुधवार

तळ्याला नाव एकच, पण मामांच्या हिशेबी ते एक तळं नाहीच. त्यांच्या तोंडी जागा असतात. उतरंड, खड्डा, भिंत, पंपघर. बाकीचं नुसतं पाणी.

जागा सापडते कशी, हे आज दाखवलं. पाण्यावर खूण करता येत नाही. म्हणून काठावरच्या चार वस्तू घ्यायच्या. पाण्याची टाकी आणि तिच्या पुढचं वाकडं झाड एकामागे एक येईपर्यंत होडी सरकवायची. मग मान वळवून पंपघराचा कोपरा आणि त्याच्या मागचा विजेचा खांब एका रेषेत आले का ते बघायचं. दोन्ही रेषा जुळल्या की तुम्ही जागेवर. मामा याला जोडी धरणं म्हणतात. प्रत्येक जागेच्या दोन जोड्या, आणि सगळ्या त्यांच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही.

मग ओळंबा सोडायचा. दर वावेला, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढ्या अंतरावर, गाठ मारलेली दोरी, टोकाला शिसं. शिशाच्या बुडाला खळगा आहे, त्यात साबण दाबून बसवायचा. वर ओढलं की साबणाला तळ चिकटून येतो. चिखल आला तर शिंगाळा आणि वाम. वाळू आली तर रोहू. साबण कोराच आला तर खाली खडक, आणि खडकाच्या वरच्या पाण्यात कटला, पण तो पहाटेच.

"कॉलेजात काय शिकत होतास?" मामांनी विचारलं.

"रसायनशास्त्र."

"मग साबण तू लाव."

दिवसभरात ते एवढंच बोलले असतील. आठ जागा झाल्या. माझे तळवे सोलून निघालेत. वल्हं मारताना सगळा वेळ तिच्या बॅगेचाच विचार करत होतो. आत काय एवढं होतं की तिला खुर्ची लागावी?

१४ मार्च, शनिवार

आज मास्तरांची ओळख झाली. निवृत्त शिक्षक. मामांचे तीस वर्षांचे सोबती, किंवा शत्रू, मला अजून कळलेलं नाही. दर गुरुवारी आणि शनिवारी येतात, पाच नंबरची होडी घेतात. मामा त्या दिवशी खिडकी बंद करून त्यांच्याबरोबर जातात. आज मी वल्ह्यावर होतो. मास्तर मामांना कप्तान म्हणतात. तीन तासांत दोघे मिळून एवढं बोलले:

"कप्तान, तुझं बूच हललं."

"वारा आहे."

"वारा काय फक्त तुझ्याच बुचाला लागतो?"

मग परत येताना अकरा वर्षांपूर्वीच्या एका कटल्यावरून भांडण. मास्तर म्हणतात नऊ किलो, मामा म्हणतात सात. "तराजू माझा होता," मामा. "म्हणूनच सात," मास्तर. उतरताना मास्तरांनी विचारलं, जावई आलाय, त्याला एकदा पाळणा दाखवू का लांबून? मामा म्हणाले, नाही. मास्तर म्हणाले, लांबून रे. मामा म्हणाले, आता दिवस नाहीत. मास्तर जरा हिरमुसले आणि छत्री आपटत गेले.

पाळणा म्हणजे काय, मी विचारलं. "बघशील," मामा म्हणाले.

मला मात्र दुसरंच काही सुचलंय. ऑक्टोबरात तिने एकदा मला विचारलं होतं, "तुझे मामा तळ्यावर असतात ना? मासे कुठे लागतात ते विचारून सांग की. घरी एकजण फार मागे लागलाय." धाकटा भाऊ असणार. मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, सांगतो. कधी सांगितलंच नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

तिला तळ्याचा नकाशा काढून द्यायचा. सगळ्या जागा, सगळे मासे. असा नकाशा जगात कोणाकडे नाही, मामांकडेसुद्धा नाही.

१८ मार्च, बुधवार

तिला निरोप पाठवला. अकरा वेळा लिहून दहा वेळा पुसला. शेवटी असा: "तळ्याचा नकाशा काढतोय. कुठे कोणता मासा, सगळं. पाठवू का?"

साडेचार तासांनी उत्तर आलं. "अरे वा. पाठव."

बावीस दिवसांनंतरचे पहिले शब्द. "पाठव" कोणीही म्हणेल. पण "अरे वा"? ते लिहायची काही गरज नव्हती. ते आतून आलंय.

मामांना म्हणालो, आज मी जेवण करतो. त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं, काही न बोलता सगळं खाल्लं, आणि नंतर बराच वेळ पाणी पीत राहिले.

१९ मार्च, गुरुवार

आज पाळणा पाहिला. मास्तर यायच्या आधी मामा मला घेऊन गेले.

तळ्याच्या उत्तरेला लव्हाळ्याचं रान आहे. बाहेरून बघितलं तर सलग हिरवी भिंत. गळवाल्यांना मामा सांगतात, तिकडे नुसतं शेवाळ आणि साप. पण दवाखान्याची लाल कौलं उंबराच्या शेंड्यावर धरली आणि होडी तशीच मागे रेटत नेली, तर लव्हाळी बाजूला होतात आणि आत एक वाट लागते. वाटेच्या शेवटी अंगणाएवढं उथळ पाणी. वारा नाही, आवाज नाही.

मामांनी वल्हं वर घेतलं आणि बोट केलं. पाण्यावर एक तांबडा डाग होता, ताटाएवढा, आणि तो उकळत होता. जवळ गेल्यावर दिसलं, ती पिल्लं होती, सुतासारखी, शेकडो, श्वास घ्यायला वर आलेली. खाली दोन काळ्या सावल्या. माझ्या मांडीएवढ्या. नर आणि मादी.

"मरळ," मामा हळू आवाजात म्हणाले. "पिल्लं मोठी होईपर्यंत दोघं हलत नाहीत. महिना, सव्वा महिना. त्या दिवसांत इथे गळ टाकायचा नाही. मी कोणाला इकडे आणत नाही. मास्तर आणि मी, दोघांनाच माहीत. आता तू."

"पण आईबाप पिल्लं सोडून गळाला कशाला लागतील?"

"तेच तर. या दिवसांत ती काही खात नाहीत. पण जे जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात. बेडूक टाक, पत्र्याचा चमचा टाक, तोंड मारतातच. भूक नसते. डोकं फिरलेलं असतं." ते माझ्याकडे बघत होते. का, ते कळलं नाही. "आणि एकदा आईबाप गेले, की चिलापी दोन दिवसांत सगळी पिल्लं फस्त करते. तळ्यात जेवढी मरळ आहे ती इथून जाते, भाचेबुवा. हे गेलं की तळं नुसतं पाणी."

पाळण्यात अशा दोन जोड्या आहेत, दोन तांबडे डाग. मला ती शांतता इतकी आवडली की तिला इथे आणावंसं वाटलं. नुसतं बघायला. कोणी माझ्याशी बोलावं म्हणून नाही. कोणी शेजारी बसावं म्हणून.

२२ मार्च, रविवार

नकाशा झाला. काठ काळ्या शाईने, जागा निळ्या, मासे तांबड्या. नऊ जागा. प्रत्येकीखाली दोन्ही जोड्या. रोहूच्या शेपटीला मी जरा जास्तच वळण दिलंय, पण छान दिसतंय.

पाळणा घातला नव्हता. हे आधी लिहून ठेवतो. रात्रीपर्यंत घातला नव्हता. कच्च्या नकाशाचा फोटो तिला पाठवला होता, तर तिचं उत्तर आलं: "मस्तच. पण सगळ्यात मोठा मासा कुठे लागतो?"

मी तासभर तसाच बसलो. मामांनी मला जागा दाखवली ती तोंड बंद ठेवशील म्हणून. पण त्यांनी शपथ घातली नव्हती. आणि ती काही गळ घेऊन येणार नाही, धाकटा भाऊ फार तर शाळेत असेल. आणि तिने विचारलंय. पाच महिन्यांत तिने मला ज्या गोष्टी विचारल्या त्या मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकतो.

लव्हाळ्यात दोन मोठ्या मरळी काढल्या. खाली दवाखाना आणि उंबर. त्याखाली लिहिलं: "इथे गळ टाकू नये. फक्त बघावे." हे मी पेन्सिलीने लिहिलं. शाईने लिहिलं तर फलक लावल्यासारखं, दम दिल्यासारखं वाटेल. ग्रंथपालासारखं. तिला माझ्याकडून दम नको.

फोटो पाठवला.

२४ मार्च, मंगळवार

"खूप खूप छान झालाय. तो तर एकदम खूश."

धाकट्या भावाला जिंकलं की अर्धं घर जिंकलं. आता घरात माझं नाव निघत असणार. जेवताना आई विचारत असेल, कोण गं हा नकाशावाला?

आज गांडुळांच्या पेटीला पाय लागून अर्धी माती सांडली. मामा मुकाट्याने बसून एकेक गांडूळ वेचत होते. मी म्हणालो, मी करतो. ते म्हणाले, "करू की दोघं." त्यांनी माझ्यासाठी नवा कप आणलाय, निळा. त्यांच्या स्वतःच्या कपाचा कान तुटका. मला वाटतं पाहुण्याला तुटका कप देणं त्यांना बरं दिसत नसेल.

२९ मार्च, रविवार

दुपारचे दोन. अक्षर वाईट येईल.

मामांची दाढ काल सुजली. आज सकाळी सातच्या गाडीने ते दाढ काढायला शहरात गेले. मी एकटाच खिडकीत होतो. साडेनऊच्या सुमाराला पलीकडच्या काठावरून एक मोटारहोडी आली. चारजण होते. त्यातली एक ती.

मी आधी तिलाच पाहिलं, बाकीचे दिसलेच नाहीत. तिने उन्हाची टोपी घातली होती. मला हात केला. मग एक चष्मेवाला उतरला, पंचवीस-सव्वीसचा, उंच, आणि सरळ खिडकीशी येऊन त्याने माझा हात हातात घेतला.

"तुम्हीच ना? अहो, काय नकाशा काढलाय. मी किती वर्षं या तळ्यावर येतोय, नुसतं ऊन खाऊन जायचो."

ती मागून आली. "हा," ती म्हणाली, "म्हणजे, तुला माहीतच असेल. आमचं लग्न आहे मेमध्ये."

मी म्हणालो, "हो." काय हो, कशाचं हो, देव जाणे.

"मी तुला सांगितलं होतं ना, घरी एकजण मागे लागलाय. हाच तो. सारखा आमच्याकडेच पडलेला असतो." ती हसली. तोही हसला. मग तिने एकदम विचारलं, "तू कॉलेज सोडलंस म्हणे? का रे?"

तिला माहीत नव्हतं. गेला महिनाभर मला वाटत होतं, तिला एवढं तरी माहीत आहे.

"तब्येत," मी म्हणालो.

"काळजी घे," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. तेच सगळ्यात वाईट.

तोवर दुसऱ्या दोघांनी होडीतून गोणपाट काढून धक्क्यावर उपडं केलं. चार मरळी. एक अजून तोंड उघडत होती. "उजाडता उजाडता आत शिरलो," चष्मेवाला सांगत होता. "दवाखाना, उंबर, अगदी तुम्ही लिहिलंय तसं. वीस मिनिटांत चार. टाकला की धरलाच. असं मी आयुष्यात पाहिलं नाही."

माझं डोकं भणभणलं. मी खिडकीवरून उडी मारून बाहेर आलो आणि त्याची कॉलर धरली. हो, धरली. "तिथे लिहिलं होतं ना, गळ टाकू नये म्हणून? वाचता येत नाही?"

तो रागावला नाही. घाबरल्यासारखा झाला, मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "कुठे लिहिलंय? खरंच दाखवा. आम्हाला माहीत असतं तर..."

मी फोटो मोठा करून पाहिला. तांबडी शाई, निळी शाई, काळी शाई. मरळींच्या खाली नुसता पांढरा कागद. पेन्सिल फोटोत उतरलीच नव्हती.

मी कॉलर सोडली. म्हणालो, "माझीच चूक." ती माझ्याकडे अशी बघत होती, जसं आपण रस्त्यात मोठ्याने बोलणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघतो. चष्मेवाल्याने शर्ट नीट केला आणि म्हणाला, "हा नकाशा आम्ही कोणालाच दाखवणार नाही. शब्द देतो." आणि तो पाळेल, असं त्याच्याकडे बघून वाटलं. त्याचा राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं, आणि म्हणून मला आणखी राग आला.

जाताना त्यांनी दोन डबे गांडुळं घेतली. मी मोजून दिली.

३० मार्च, सोमवार

मामा काल संध्याकाळी गाल सुजवून आले आणि झोपले. मी काही सांगितलं नाही. दुखत होतं त्यांना. हे कारण बरोबर आहे की नाही, ते मला ठरवता येत नाही.

आज पहाटे एकटा पाळण्यात गेलो. लव्हाळी मोडली होती, पाण्यावर नायलॉनचा तुकडा आणि बिस्किटांचा कागद. दोन्ही तांबडे डाग वर आले, पण ताटाएवढे नाहीत. खालून पांढऱ्या पोटांच्या चिलापी वर झेपावत होत्या, आणि दर झेपेला डागाचा एक तुकडा कमी होत होता.

मी वल्हं पाण्यावर आपटलं. चिलापी पळाल्या. पिल्लंही पळाली. पुन्हा वर आली, पुन्हा चिलापी. उजाडल्यापासून चारपर्यंत हेच. आपटायचं, थांबायचं, आपटायचं. ऊन डोक्यावर. पिल्लांना श्वासासाठी वर यावंच लागतं, हा त्यांचा दोष नाही. मी त्यांच्याशी मोठ्याने बोलत होतो. खालीच राहा, गाढवांनो. तिथे दुसरं ऐकायला कोणी नव्हतंच.

३१ मार्च, मंगळवार

पुन्हा गेलो. दुसरा डाग वर आला नाही.

परतलो तर मामा धक्क्यावर उभे. गालावर पट्टी. "तिकडून येतोस?"

मी मान हलवली. सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण ते एक नंबरच्या होडीत बसले आणि स्वतःच गेले, आणि तासाने परत आले तेव्हा त्यांच्या हातात तो नायलॉनचा तुकडा होता. बाकावर बसून त्यांनी तो बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"रविवारी माणसं आली होती इकडे?"

"पलीकडून मोटारहोडी आली होती. चारजण. मरळ होती त्यांच्याकडे." हे सगळं खरं आहे. मी एकही शब्द खोटा बोललो नाही.

"ती वाट आपोआप सापडत नाही," मामा म्हणाले. "कोणीतरी जोडी दिल्याशिवाय नाही. मी दिली नाही. तुझ्याशी बोलायला इथे आहेच कोण? राहिला मास्तर. जावयाला दाखवायचं म्हणत होता. मी नाही म्हटलं, तर..."

 मी पाण्याकडे बघत राहिलो. तेव्हा बोललो असतो तर संपलं असतं. मी मोजलं, साधारण वीस आकडे होईपर्यंत ते माझ्यापुढे बसले होते. मग उठले.

ग्रंथपालाला फाडकन उत्तर द्यायला मला एक आकडासुद्धा लागला नव्हता.

२ एप्रिल, गुरुवार

मास्तर आले. टोपी, छत्री, डबा. "कप्तान, पाच नंबर काढ. दाढ कशी आहे?"

मामा खिडकीत होते. म्हणाले, "होडी नाही आज."

मास्तरांनी धक्क्याकडे पाहिलं. चारही होड्या ओळीने बांधलेल्या. एक, दोन, चार, पाच. त्यांनी शाळेत हजेरी घेतल्यासारखं एकेकीकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले.

थोडे थांबले, मामा काही बोलतील म्हणून. मामा गांडुळांवरचं ओलं पोतं नीट करत होते, आधीच नीट असलेलं. मग मास्तर वळले. चढावर एकदा थांबून त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. मी मागे पळत जाऊ शकलो असतो. तीनशे पावलंसुद्धा नसतील.

मामा दिवसभर खिडकी उघडी ठेवून बसले. एका गिऱ्हाइकाला त्यांनी रोहूच्या ऐवजी वामेची जागा सांगितली. असं त्यांच्या हातून कधी होत नाही.

४ एप्रिल, शनिवार

पाळण्यात पहिला डागही आता तळहाताएवढाच. पंचवीस-तीस पिल्लं असतील. आज एक गंमत पाहिली. वल्हं आपटून हात गळून गेले, म्हणून मी होडीतच आडवा झालो. उठलो तर पिल्लं होडीच्या सावलीत जमली होती. त्यांना बहुतेक होडी म्हणजे मोठा मासा वाटली. मी हललो नाही. पाय झोपले, मुंग्या आल्या, तरी हललो नाही.

आज शनिवार. मामांनी सकाळी दोन काठ्या बाहेर काढल्या, दोन्हींना दोर बांधला, मग एक आत नेऊन ठेवली. एकटे पाच नंबर घेऊन गेले. मी काठावरून बघत होतो. जागा सोडून शंभर हात भलतीकडेच थांबले होते, जोडी न धरता. गळ पाण्यात होता की नाही, देव जाणे.

रात्री म्हणाले, "नऊ किलोचा असेलही तो कटला."

 त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. फडताळामागून त्यांची खाट कुरकुरत होती. झोप लागत नसावी.

तिचा निरोप आलाय, आज. पत्ता मागितलाय, पत्रिका पाठवायला. मजा अशी, की तिची आठवण मला त्या निरोपानेच झाली. तोवर दोन दिवस मी तिचा विचार केला नव्हता. मास्तरांच्या डब्याचा करत होतो.

६ एप्रिल, सोमवार

सकाळी सांगितलं.

बरंच काही ठरवलं होतं, कुठून सुरुवात करायची वगैरे. मामा ओळंब्याची दोरी उकलत बसले होते. मी समोर उभा राहून म्हणालो, "पाळण्याची जोडी मी दिली. मास्तरांनी नाही." मग सगळं. ती, नकाशा, "अरे वा", मोठा मासा कुठे लागतो, पेन्सिल. पंधरा मिनिटं मी एकटाच बोलत होतो. त्यांचे हात थांबले नाहीत. प्रत्येक गाठ चाचपून पुढे.

"पेन्सिलीने?" त्यांनी विचारलं. एवढंच विचारलं.

"हो."

"का?"

"शाईने लिहिलं असतं तर तिला राग आला असता."

त्यांनी मान हलवली, जणू हे कारण त्यांना ठाऊक आहे. मला वाटलं आता ओरडतील. मी त्यासाठी पाय घट्ट रोवून उभा होतो. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो, आणि मग बॅग भरून सगळं सोपं झालं असतं.

"चार होड्या समोर बांधलेल्या," ते म्हणाले. माझ्याशी नाही. "आणि मी त्याला म्हणालो, होडी नाही."

गेला आठवडाभर मी पाळण्याचा हिशेब मांडत होतो. किती पिल्लं गेली, किती उरली. मला वाटत होतं ते त्यावरूनच रागावतील. त्यांनी पिल्लांचं नावसुद्धा काढलं नाही.

"मास्तर आता घरी असतो," शेवटी ते म्हणाले. "जेवून झोपतो दुपारी. त्याआधी जा."

"तुम्ही येता?"

"मी कुठल्या तोंडाने येऊ?" दोरी गुंडाळून त्यांनी खुंटीला लावली. "तू तुझं सांग. आणि माझं म्हणून सांग, की..." ते थांबले.  "नको. माझं काही सांगू नकोस. माझं मी बघेन."

घर विचारून घेतलं. चढ संपला की उजवीकडे, हिरवं फाटक, फाटकाला कडी नाही, दोरा आहे. त्यांनी हे इतकं बारकाईने सांगितलं की मला वाटलं ते मनाने तिथवर जाऊन आले.

परत आल्यावर मला इथे ठेवणार का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. तो प्रश्न मास्तरांच्या दारात उभं राहण्याच्या आधीचा नाही, नंतरचा आहे.

म्हणून आता हे लिहीत बसलोय. अकरा वाजून गेले. हात धुऊन झाले, शर्ट बदलून झाला. आणखी काही करायचं उरलेलं नाही, म्हणून वही काढली. मास्तर दार उघडतील, "कप्तानने पाठवलं?" म्हणून विचारतील, आणि मला नाही म्हणावं लागेल, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे येईल ते मला बघावं लागेल. तिथे बोट दाखवायला कोणी नाही. चष्मेवाला नाही, ग्रंथपाल नाही, ती नाही.

"लिहितोस काय तिथे?" मामांनी आतून विचारलं.

"झालंच."

"अरे, तो साडेबाराला झोपतो."

उठतो.

"दार लावून जा," ते म्हणाले. "माशा येतात."

लावतो. बाहेर ऊन आहे. कडी बाहेरून सैल बसते, दार ओढून धरूनच लावावी लागते. ओढतो.